दोघांनीच डोंगरात जाताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की सुट्टीच्या पुरवण्यांमधून ‘दोघांसाठी निवांत ठिकाणं’ अशा याद्या येऊ लागतात. भंडारदरा, कळसुबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावं त्यात ठरलेलीच. फोटो देखणे असतात, मजकूर गोड असतो. मात्र पायथ्याचं गाव कोणतं, चढायला किती वेळ लागतो, पाणी कुठं मिळतं, अंधार किती वाजता पडतो, यातलं काही त्यात सापडत नाही. शिवाय डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा सुचावी ती गोष्टच राहून जाते. चौघांत एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्यापाशी बसतो आणि दोघं मदत आणायला उतरतात. दोघंच असतील तर ही सोय नाही. जखमी माणसाला एकटं सोडायचं की मदतीशिवाय थांबून राहायचं, एवढंच उरतं. नवरा-बायकोने, किंवा कुणीही दोघांनी, डोंगरात जाऊ नये असं अजिबात नाही. अकोले तालुक्याचा हा पट्टा दोघांनी चार-पाच दिवस रमतगमत फिरावा असाच आहे. आखणी मात्र दोघांचीच हवी, दहा जणांच्या कार्यक्रमातून आठ जण वजा केलेली नको.

पहिली चूक दिवसांच्या हिशेबात होते. शनिवारी कळसुबाई, रविवारी हरिश्चंद्रगड, रात्री गाडी चालवत घरी, असा बेत सर्रास दिसतो. शनिवार-रविवारी कळसुबाईच्या लोखंडी शिड्यांवर खालून वर आणि वरून खाली अशी दुहेरी रांग लागते. शिडीच्या तोंडाशी तासभर उन्हात उभं राहावं लागलं तर वर पोहोचेपर्यंत पाणी संपलेलं असतं. दोघांना सुट्टी जुळवणं दहा जणांपेक्षा सोपं. तोच फायदा घ्यावा आणि सोमवार ते शुक्रवार जावं.

पाच दिवसांचा बेत असा बसतो. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटीमार्गे बारी हे कळसुबाईच्या पायथ्याचं गाव गाठावं. पुण्याकडून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. पहिल्या संध्याकाळी बारीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे कळसुबाई, दुपारी खाली येऊन शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला मुक्काम. तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवावा: प्रवरेवरचं विल्सन धरण, जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रतनवाडीचा रस्ता, संध्याकाळी अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ आणि मुक्काम रतनवाडीतच. चौथ्या दिवशी रतनगड. पाचव्या दिवशी गाडीने राजूरमार्गे पाचनईला जाऊन हरिश्चंद्रगड, आणि अजून एक दिवस हाताशी असेल तर गडाखाली पाचनईत रात्र. हलका दिवस गाळून तिथे सांदण दरी कोंबायचा मोह होतो. तो आवरावा. सलग दोन दिवस उतरून झाल्यावर गुडघे आणि पोटऱ्या तिसऱ्या दिवशी बोलतात, आणि घोटा मुरगळतो तो बहुधा थकलेल्या पायांनी उतरतानाच.

वेळ किती लागेल हे ‘तीन तासांचा ट्रेक’ अशा ऐकीव आकड्यावर सोडू नये. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये दिलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ५ किलोमीटरला १ तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. कळसुबाईची उंची १६४६ मीटर. बारीपासून वाट साधारण साडेसहा किलोमीटर आणि चढ साडेआठशे-नऊशे मीटर. म्हणजे सव्वा तास आणि दीड तास मिळून पावणेतीन तास झाले. हे थंड हवेत न थांबता चालणाऱ्याचं गणित आहे. आपल्याकडच्या उन्हात, पाणी प्यायला थांबत, सवय नसलेल्या पायांनी त्यात निम्म्याने भर घालावी: चार तास वर, तीन खाली. सहाला निघालं तर दहाला माथ्यावर आणि दीड-दोनपर्यंत गावात. नऊला न्याहारी करून निघणाऱ्याला हीच चढण भर दुपारी, उघड्या सोंडेवरून करावी लागते. मग दमछाकीचं खापर डोंगरावर फुटतं.

यातूनच परतीची वेळ ठरते. डिसेंबरमध्ये इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि खोऱ्यातल्या झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गावात असायचं ठरवून उलट मोजत जावं, आणि येईल त्या घटकेला माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरावं. ही वेळ आदल्या रात्री ठरवून दोघांनीही मोठ्याने बोलून ठेवावी. वर गेल्यावर चर्चा नको; तिथे ज्याला जायचंय तोच जिंकतो आणि दमलेला गप्प बसतो.

गप्प बसण्याचा हा मुद्दा जोडप्यांच्या बाबतीत फार खरा आहे. बहुधा दोघांपैकी एकाला डोंगराची सवय असते आणि दुसरं त्याच्या हौसेखातर आलेलं असतं. सवयीचा माणूस पुढे चालतो, वळणावर थांबतो, मागचं माणूस धापा टाकत पोहोचलं की ‘चल’ म्हणून पुन्हा निघतो. विश्रांती मिळते ती ज्याला नको आहे त्याला. उपाय सोपा आहे: चढताना हळू चालणारा पुढे. मागच्याला त्याच्या पावलाने चालायचं. चालता चालता सलग वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बसून आराम, त्यात पाणी आणि दोन घास. उतरताना घसाऱ्यावर किंवा कातळटप्प्यावर अनुभवी माणसाने खालच्या बाजूला राहावं, मात्र थेट खाली नव्हे, थोडं बाजूला. वरून सुटलेला दगड सरळ खालच्याच डोक्यावर येतो.

ओझ्याची वाटणीही निम्मी-निम्मी करण्यात अर्थ नसतो. सवय नसलेल्याने वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये. ५४ किलोच्या माणसाला ९ किलो झाले, पाण्यासकट. आता तंबूत राहायची हौस मांडून पाहा. तंबू अडीच किलो, दोन स्लीपिंग बॅग मिळून अडीच, मॅट पाऊण, गॅसचा छोटा डबा आणि शेगडी पाऊण, भांडी अर्धा, दोन दिवसांचा शिधा अडीच, पाणी सहा, कपडे आणि बारीकसारीक मिळून पाच-सहा, रिकाम्या सॅकच तीन किलो. बेरीज चोवीस-पंचवीसवर जाते. तेच गावात मुक्काम करून दिवसापुरता डोंगर केला तर पाणी, डबा, औषधं, जाकीट धरून दोघांत मिळून दहा-अकरा किलो. बारी, रतनवाडी, पाचनई या तिन्ही गावांत घरगुती राहण्याजेवण्याची सोय होते. भाकरी, पिठलं, ठेचा, वाफाळता भात आपल्या शेगडीवरच्या अर्धकच्च्या खिचडीपेक्षा केव्हाही बरा, आणि पैसाही गावात राहतो. एक मात्र करावं: किती माणसं, कुठली जेवणं, हे दोन दिवस आधी फोनवर सांगावं, कारण भाजी-किराणा राजूर किंवा घोटीहून आणावा लागतो. रात्री नऊला दारात उभं राहून ‘काहीतरी गरम करा’ म्हणणं बरं नाही. गावांत नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे मोबाइलवरून पैसे जातीलच याचा भरवसा धरू नये. शंभर-दोनशेच्या नोटा बरोबर ठेवाव्यात आणि दोघांचीही ओळखपत्रं.

सामायिक वस्तू एकाच सॅकमध्ये ठेवण्याची खोड मोडायला हवी. पाणी त्याच्याकडे, डबा तिच्याकडे, विजेरी त्याच्याकडे, असं असताना एखाद्या फाट्यावर दोघांची चुकामूक झाली की दोघांकडेही निम्मंच सामान. प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं पाणी, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, ओआरएसची दोन पाकिटं, थोडं खाणं आणि दोन मीटरचा प्लॅस्टिकचा कागद असावाच. हा कागद पावसात पांघरायला, जखमी माणसाखाली घालायला, दुपारी सावली करायला असा तिहेरी कामाला येतो.

पाणी दिवसाला माणशी तीन लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात चार. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या बाटलीत सगळं ओतलं तर द्रावण तीव्र होऊन उलटी-जुलाब व्हायची शक्यता वाढते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी घटाघटा पिऊन, मीठ अजिबात पोटात न गेल्यानेही डोकं दुखतं आणि मळमळतं, म्हणून डब्यात लोणचं आणि खारे शेंगदाणे असू द्यावेत. टाक्यातलं किंवा विहिरीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं. आणखी एक गोष्ट, जी पुरवण्यांत कधी छापून येत नाही: आडोसा मिळणार नाही या धास्तीने अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी उन्हाने आडव्या होतात. बरोबरच्या माणसाने हे ओळखून दर दीड-दोन तासांनी स्वतःहून थांबावं, वाटेकडे पाठ करून उभं राहावं. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर जाऊन वीतभर खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. पॅड, कागद हे मात्र झिपच्या पिशवीतून खालीच आणायचं. पुरलेलं जनावरं उकरून काढतात.

खाण्यात दशम्या सगळ्यात भरवशाच्या. दुधात भिजवलेल्या असल्याने दोन-तीन दिवस मऊ राहतात आणि गार खाता येतात. जोडीला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. बटाट्याची ओली भाजी डब्यात घालून सकाळी सहाला निघालं तर दुपारी बारापर्यंत ती आंबलेली असते.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या सहली तिथे मोडतात. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेले महागडे ट्रेकिंगचे बूट कपाटातून काढले जातात, वरून नवेकोरे दिसतात, आणि अर्ध्या चढात सोल जबडा उघडावा तसा सुटतो. तळव्याखालचा मऊ थर पुष्कळदा पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो न वापरताही विरघळत, भुगा होत जातो. निघण्याच्या आठवडाभर आधी त्या थरात अंगठ्याचं नख दाबून पाहावं. भेग पडली किंवा भुसा निघाला तर बूट गेला. नवे घेतले तर तीस-चाळीस किलोमीटर शहरात चालून मगच डोंगरात न्यावेत. बरोबर दोन मीटर नायलॉनची दोरी ठेवली की सुटलेला सोल चवड्यापाशी आणि टाचेपाशी बांधून गावापर्यंत येता येतं. पायाची नखं आदल्या दिवशी कापावीत. लांब नखं उतरताना बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटून काळी पडतात. उतरायला लागण्यापूर्वी घोट्यापाशी नाडी घट्ट आवळावी म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. टाच हुळहुळली की त्याच मिनिटाला थांबून चिकटपट्टी लावायची. फोड येईपर्यंत वाट पाहिली तर पुढचे दोन दिवस गेले.

आता वाटांबद्दल. कळसुबाईवर वाट चुकायला फारसा वाव नाही. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. रतनगडाचं तसं नाही. रतनवाडीतून निघालेली वाट दाट रानातून जाते आणि पुढे फुटते: एक फाटा गडाच्या शिड्यांकडे, दुसरा सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे आणि तिथून हरिश्चंद्रगडाकडे. गप्पांच्या नादात सरळ निघून गेलेले लोक तासाभराने ‘शिड्या अजून कशा येत नाहीत’ म्हणून थबकतात. शिडीवर एका वेळी एकच माणूस चढवावा. दुसऱ्याने खाली न थांबता बाजूला उभं राहावं. सॅकचे लोंबते पट्टे आधी खोचून घ्यावेत, ते गजात अडकतात. वर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा जोराचा असतो. टोपी, चष्मा, फोन हातातून जातात, आणि त्यांच्यामागे झेपावणारं माणूसही जाऊ शकतं. रतनगडाहून कात्राबाई ओलांडून हरिश्चंद्रगडाला चालत जाण्याचा बेत फार मोहक आहे, मात्र तो दोघांनी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय करू नये. वाटाड्या घेतला की गटात तिसरा माणूस येतो. खर्चाकडे या नजरेने पाहावं.

ढोरवाट आणि खरी वाट ओळखण्याची खूण शिकून घ्यावी. माणसांच्या वाटेवरचा कातळ बुटांनी घासून गुळगुळीत, फिकट झालेला असतो आणि वाट चढाला तिरकी, एका लयीत जाते. ढोरवाट दर झुडपापाशी फुटते, उगाच आडवी जाते आणि गवतात किंवा पाणवठ्यावर संपते. दहा मिनिटं घासलेला दगड दिसला नाही तर पुढे वाट ‘शोधत’ जाऊ नये, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यावं. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. प्रत्येक फाट्यावर एक खूण नोंदवावी आणि मागे वळून एक फोटो काढावा, कारण परतताना तोच फाटा वेगळा दिसतो. फोन एरोप्लेन मोडवर ठेवला तर बॅटरी दिवसभर टिकते. नेटवर्क शोधत राहणारा फोन दुपारीच मान टाकतो.

हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सगळ्यात सोपी, दोन-अडीच तासांची. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आहे, तिच्यात रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, आणि त्यावरच्या पठारावर एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या पार कराव्या लागतात. धुक्यात तिथे भलेभले गोल फिरतात. नळीची वाट दोराची आणि अनुभवी गटाची आहे. दोघांच्या सुट्टीत तिचं काम नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उतरायचं असेल तर सकाळी, बदलायला कोरडे कपडे बरोबर ठेवून. संध्याकाळी भिजलं तर पुढे थंडी हाडात शिरते. डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं. कोकणकडा गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून अर्ध्या तासावर आहे. त्याची कड आतल्या बाजूला वळलेली आहे, त्यामुळे आपण उभे असतो त्या खडकाखाली पुष्कळ ठिकाणी काहीच नसतं. कडा पाहायचा तर पालथं पडून, आणि त्या वेळी दुसऱ्याने मागे बसून पाय धरून ठेवायचे. दोघांचा एकत्र फोटो काढण्यासाठी कड्याकडे पाठ करून मागे मागे सरकणं, हा प्रकार तर विषयसूचीतूनच काढून टाकावा. उलटं, डोंगराकडे पाठ करा. फोटो तोच, फक्त प्रकाश थोडा वेगळा.

हा सगळा परिसर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्यावी आणि गडावर तंबूची परवानगी आहे का हे तिथेच विचारून घ्यावं, निघाल्यावर नव्हे. शेकोटी पेटवू नये. तंबू लावलाच तर ‘दोन माणसांचा’ म्हणजे आतून जेमतेम सव्वाशे-दीडशे सेंटिमीटर रुंद, सॅक बाहेरच्या पडवीत ठेवाव्या लागतात, हे घेण्यापूर्वीच मोजावं. आत शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. पहाटे आतून पाणी ठिबकतं ते गळती नसून श्वासाची वाफ असते. जाळीची खिडकी वरून चार बोटं उघडी ठेवली की ते कमी होतं. चेन मात्र रात्रभर पूर्ण बंद. मण्यार रात्री हिंडते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही.

दगडांच्या राशीत, गवतात फुरसं असतं. बसण्यापूर्वी काठीने दगड ठोकावा, आणि हात टेकण्यापूर्वी तिथे पाहावं. दंश झालाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव फळीला बांधावा तसा स्थिर करावा, आणि माणसाला चालवण्याऐवजी उचलून न्यायची सोय पाहावी. १०८ ला फोन करतानाच सर्पदंशाची लस जवळ कुठल्या रुग्णालयात आहे हे विचारून घ्यावं.

सापापेक्षाही आग्या मोहोळाची भीती धरावी. कड्यांच्या कपारींत ती पोळी लोंबत असतात. अत्तर, डिओ, सुवासिक तेल, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात, आणि सुट्टीवर निघालेलं जोडपं नेमकं सुगंध मारून निघतं. डोंगरात जायच्या दिवशी बिनवासाचा साबणच बरा. माश्या उठल्याच तर हात हलवत उभं राहू नये. तोंड-डोकं कापडाने झाकून दाट झाडीत किंवा बंद जागी पळावं, कड्याच्या बाजूला मात्र नाही. अंगात राहिलेला काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावा. श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी आहे. मग थांबायला वेळ नसतो.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न, एकाला चालता येईना तर काय. आधी माणसाला कडा, ओढा, ऊन यांपासून बाजूला घ्यावं, खाली प्लॅस्टिकचा कागद आणि सॅक घालून अंगावर जाकीट द्यावं. दुपार असली तरी दुखापतीनंतर अंग गार पडतं. घोटा मुरगळला असेल तर १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी इंग्रजी आठाच्या आकारात बांधावी, आणि दोन्ही काठ्या जखमी माणसाला द्याव्यात. बऱ्याचदा एवढ्यावर हळूहळू उतरता येतं. तेही जमत नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याचं उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. फोनला टॉवर दिसत नसला तरी ११२ लावून पाहावा. आणीबाणीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक निघण्यापूर्वीच दोघांच्याही फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवावा. एकट्याने खाली जाण्याची पाळी आलीच, तर जखमीपाशी पाणी, खाणं, विजेरी, शिट्टी सगळं ठेवून जावं, जागेचे अक्षांश-रेखांश दोन चिठ्ठ्यांवर लिहून एक त्याच्याजवळ आणि एक आपल्याजवळ ठेवावी, आणि उजेडात, ओळखीच्या वाटेनेच जावं. अंधार पडल्यावर घाईने निघालेला दुसरा माणूसही पडतो आणि मग कुणालाच काही कळत नाही.

याहून चांगला मार्ग आदल्या रात्री, जेवणाच्या ताटावर ठरतो. ज्या घरी मुक्काम आहे त्यांना चिठ्ठी द्यावी: कोणता गड, कोणत्या वाटेने वर, कोणत्या वाटेने खाली, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोधायला निघायचं. चारला परत येणार असाल तर शोधाची वेळ सहा लिहावी. मग जखमी माणसाला सोडून न जाता थांबता येतं, कारण वर येणारं कुणीतरी आहे हे माहीत असतं. दोघांच्या गटातला तिसरा माणूस तो हाच, आणि त्याला पाठीवर वाहून न्यावं लागत नाही. मात्र वर गेल्यावर आयत्या वेळी वाट बदलली तर ही चिठ्ठी निरुपयोगीच नव्हे, उलट चुकीच्या खोऱ्यात माणसं धाडणारी ठरते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: जून ते सप्टेंबर या काळात सांदण दरीत उतरू नये, वर पाऊस झाला की दरीत लोंढा येतो आणि बाजूला चढायला जागा नसते. ओढ्याचं पाणी गुडघ्यावर आणि गढूळ असेल तर ओलांडू नये, दोन-तीन तास थांबावं, बऱ्याचदा ते उतरतं. ऑक्टोबरात कातळ वाळलेले असतात. पण सुकून आडवं झालेलं गवत शेवाळाइतकंच घसरतं, हे ध्यानात ठेवावं.

संपादक महोदय, पुरवणीत जागा अपुरी असते हे मान्य. तरी प्रत्येक ठिकाणाच्या फोटोखाली पायथ्याचं गाव, एकूण चढ, निघायची आणि मागे फिरायची वेळ, पाण्याची जागा आणि वनखात्याचा नाका एवढी एक ओळ बसू शकेल. आणि त्या ओळीत आणखी चार शब्द मावले तर ‘परत आल्याचं कळवा’ हेही छापावं. उतरल्यावर थेट गाडीत बसून राजूरच्या पेढ्यांकडे निघून गेलेल्या पाहुण्यांना शोधायला घरधनी आणि गावातली दोन पोरं अंधारात विजेऱ्या घेऊन डोंगर चढत असतात.

आपले नम्र,
सह्याद्रीत भटकणारे काही जण, नाशिक